गोपाला गोपाला : एका गजराचा प्रवास



या स्नेहमिलनाची तयारी सुरू झाली तेव्हा आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद रंगला होता. कार्यक्रमाचा शेवट कोणत्या गाण्याने करायचा? कोणी राष्ट्रसंतांची प्रार्थना सुचवली, कोणी जुने सिनेमाचे गाणे सुचवले. रात्री अकराच्या सुमारास एकाने 'गोपाला गोपाला'ची क्लिप टाकली. खाली ढोल, वर की-बोर्ड, मध्ये शिट्ट्या. सोबत लिहिले होते, "हेच लावू. हे सगळ्यायले येते."

सगळ्यांना येते, हे खरेच. ज्याला सात वर्षांत एक कविता पाठ झाली नाही, त्यालाही हा गजर येतो. आपल्या आज्यांना येत होता, आपल्या नातवंडांनाही येतो. स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने लेख मागितला तेव्हा मी ठरवले, की शाळेच्या आठवणी लिहिण्याआधी या गजराचाच माग काढावा. तो कुठून आला, कोणाकोणाच्या तोंडी गेला, आणि आपल्यापर्यंत पोचताना त्यात काय उरले, काय गळाले, हे पाहावे. माग काढता काढता मी शेवटी आपल्याच शाळेच्या पटांगणात येऊन पोचलो. ती हकीगत पुढे सांगतो.

आधी गाणे पाहू. गाणे म्हणावे असे त्यात फार काही नाही. एकच हाक पुन्हा पुन्हा, आणि मध्ये देवकीच्या मुलाचे नाव. कडवे नाही, अंतरा नाही, कवीचे नाव नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनात शेवटी त्यांची नाममुद्रा येते, तुकोबांच्या अभंगात 'तुका' येतो. इथे कोणीच सही केलेली नाही. कृष्णाच्या नावांची अशी धून देशभरातल्या भजनांत सापडते, म्हणून शब्दांवर कोणा एकाची मालकी सांगता येत नाही.

वऱ्हाडात मात्र या देवकीनंदनाशी आपले जवळचे नाते आहे. तो आपला जावई! रुक्मिणीचे माहेर कौंडण्यपूर आपल्याच जिल्ह्यात, वर्धा नदीच्या काठी. ती अंबादेवीच्या दर्शनाला आली आणि कृष्णाने तिला तिथून नेले, अशी अमरावतीची आख्यायिका. तिचा भाऊ रुक्मी त्याच्या मागे धावला, हरला, आणि कृष्णाला जिंकल्याशिवाय घरी परतणार नाही अशी प्रतिज्ञा केलेली असल्यामुळे वाटेतच नवे नगर वसवून राहिला. ते भोजकट, म्हणजे आपले भातकुली, असे परंपरा सांगते. म्हणजे ज्याच्याशी हाडवैर धरून गाव वसले, त्याच्याच नावाचा गजर आपण इतकी वर्षे करत आलो. आपले इतिहासाचे सर हे सांगून स्वतःच हसायचे, ते आठवत असेलच.

हा गजर वऱ्हाडाच्या आणि मग महाराष्ट्राच्या तोंडी बसला तो मात्र एकाच माणसामुळे. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म २३ फेब्रुवारी १८७६, शेंडगाव, अंजनगाव सुर्जी तालुका. जात परीट. वडील दारूपायी लवकर गेले, म्हणून आईबरोबर डेबू मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरीला मामाकडे आला. गुरे राखली, नांगर धरला. शाळेची पायरी चढला नाही. मामाची जमीन सावकाराच्या घशात जाताना त्याने डोळ्यांनी पाहिली. कागदावर काय लिहिले आहे हे वाचता न येणाऱ्याने अंगठा लावला की काय होते, हे तो तिथे शिकला. पुढे स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्याने चालत आलेली दारू-मटणाची पंगत मोडली आणि गोडाचे जेवण घातले. १९०५ साली त्याने घर सोडले. अंगावर चिंध्या, एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, हाती झाडू आणि खापराचे गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोकांनी नाव ठेवले.

या माणसाचे पहिले मोठे काम आपल्याच तालुक्यात झाले. ऋणमोचनला. पूर्णेच्या काठी मुद्गलेश्वराचे देऊळ, पौषातल्या रविवारी यात्रा. तिथे स्नान केले की ऋण फिटते अशी श्रद्धा, म्हणून गावाचे नावही तसेच. पण काळ्या मातीचा काठ, त्या चिखलात यात्रेकरू घसरून पडायचे. बाबांनी १९०८ साली तिथे घाट बांधून घेतला. आपल्यापैकी पुष्कळजण आईचे बोट धरून त्या घाटाच्या पायऱ्या उतरले आहेत. मला नेहमी वाटते, की बाबांनी पहिल्या कामासाठी हीच जागा निवडली यात अर्थ आहे. कर्ज नदीत बुडी मारून फिटत नाही, हे मामाच्या शेतावर शिकलेल्या माणसाने ऋणमोचनच्या यात्रेत येऊन लोकांना आधी पाय ठेवायला घट्ट जागा करून दिली, आणि मग कर्जच काढू नका हे पुढची जवळजवळ पन्नास वर्षे गावोगाव सांगत फिरला.

सांगण्याची रीत म्हणजे कीर्तन. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आपल्याकडे वारकरी कीर्तनाला ठरलेली चौकट असते. एक अभंग घ्यायचा, त्याचे निरूपण करायचे, मागे टाळकरी, मृदंग, वीणेकरी. बोलून बोलून बुवांना दम लागला की नामाचा गजर होतो. बुवांना श्वास घ्यायला मिळतो, पेंगुळलेला श्रोता जागा होतो, लय संथ सुरू होऊन चढत जाते आणि पुढच्या मुद्द्यासाठी सभा तयार होते. गजराचे काम मुळात हे असे आहे.

बाबांनी या गजराला दुसरे काम दिले. त्यांच्या कीर्तनात निरूपणापेक्षा प्रश्न जास्त. साधे, घरगुती, वऱ्हाडी बोलीतले. प्रश्न विचारून ते थांबायचे. समोरच्या हजारो लोकांनी उत्तर द्यायचे. उत्तरातून पुढचा प्रश्न निघायचा, त्यातून आणखी पुढचा, आणि लोक आपल्याच उत्तरांच्या दोरीने बांधले जायचे. मग हशा व्हायचा, आणि त्या हशातच आपण कोणावर हसलो हे ज्याचे त्याला कळायचे. आणि मग 'गोपाला गोपाला'. उत्तरावर सगळ्या गावाने मिळून लावलेला तो अंगठा. सावकाराच्या कागदावरचा अंगठा न वाचता लावलेला असायचा, हा अंगठा विचार करून लावलेला असे. एवढाच फरक, पण सारा बाबा त्यात आला.

प्रबोधनकार ठाकऱ्यांनी १९५२ साली बाबांचे चरित्र लिहिले. आपल्या परतवाड्यात जन्मलेले गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांबरोबर हिंडले आणि त्यांनीही बाबांवर पुस्तक लिहिले. गाडगेबाबांना पाहायचे तर कीर्तनात पाहावे, असे आचार्य अत्रे सांगत. पण कागदावर कीर्तन उतरले तरी आवाज उतरत नाही. आपले नशीब एवढे चांगले, की तो आवाजही उरला आहे.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात बाबांचे कीर्तन झाले. ते ध्वनिमुद्रित झाले. बाबा तेव्हा ऐंशी वर्षांचे. हे त्यांचे अखेरचे कीर्तन ठरले. ज्यांनी अजून ऐकले नसेल त्यांनी मोबाईलवर अवश्य ऐकावे. आवाज खरखरीत, शब्द काही ठिकाणी पुसट. पण जगात देव किती, असे ते विचारतात आणि सभा एक म्हणते. मग तुमच्या गावात अमका देव आहे का, तमका आहे का, असे एकेक नाव घेत जातात. सभा हो हो म्हणत जाते आणि शेवटी आपण सापळ्यात सापडलो हे कळून हसते. जेवायचे ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, ही त्यांची शिकवणही तिथे येते. आणि या सगळ्याच्या मधूनमधून गजर येतो, पुन्हा पुन्हा. मी तो कितीदा येतो हे मोजायला बसलो होतो. थोड्या वेळाने मोजायचे सोडले, कारण लक्षात आले की गजर ऐकून काही कळत नाही. त्याच्या आधी काय विचारले, ते ऐकले तरच तो गजर का आला हे कळते.

त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी देह ठेवला. तीच पेढी, जी पुढे आपल्या तालुक्यातून वाहते. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबरचे. पंढरपूरची आपली चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली होती. पंधरा दिवसांत दोघेही गेले.

मूळ गायक गेला, गाणे मात्र राहिले. इथून पुढचा इतिहास, हल्लीच्या भाषेत सांगायचे तर, कव्हर व्हर्जनचा.

पहिली आवृत्ती गावोगावच्या भजनी मंडळांची. त्यांनी गजर उचलला, कारण तो सोपा होता आणि बाबांची आठवण होता. काकड्यात, दिंडीत, सप्त्याच्या काल्यात तो येऊ लागला. त्यांनी त्याला टाळ-मृदंगाचा ठेका दिला, चाल घोटून गुळगुळीत केली. बाबांचे काम वाद्यांवाचून अडत नसे, मंडळांचे मात्र पेटीवाचून अडे. यात गैर काही नव्हते. पण भजनी मंडळ प्रश्न विचारत नाही. ते मंडळाचे कामच नव्हे. गजर पहिल्यांदा प्रश्नापासून सुटा झाला तो इथे.

दुसरी आवृत्ती सिनेमाची. १९७७ साली राजदत्त यांनी दिग्दर्शित केलेला 'देवकीनंदन गोपाला' आला. गजरातले शब्दच चित्रपटाचे नाव झाले. बाबांच्या भूमिकेत डॉ. श्रीराम लागू. देवाला निवृत्त करा असे जाहीरपणे सांगणारा नास्तिक नट देवाच्या नावाचा गजर करतो आहे, याचे तेव्हा अनेकांना नवल वाटले. मला आता ते तितकेसे नवलाचे वाटत नाही. दगडात देव शोधू नका, असे सांगणाऱ्या माणसाचीच ती भूमिका होती. पुढे 'डेबू' नावाचाही चित्रपट आला, त्यात मोहन जोशी बाबा झाले. या चित्रपटांनी बाबांना ज्यांनी पाहिले नव्हते त्यांच्यापर्यंत पोचवले, हे उपकार मोठे. पण सिनेमात एक अडचण असतेच. प्रश्नही पडद्यावर आणि उत्तर देणारा जमावही पडद्यावर. आपण अंधारात बसून डोळे पुसायचे.

आपल्या गावात मात्र या नियमाला अपवाद घडला होता. गणपतीत वर्गणी काढून अमरावतीहून टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला होता, तेव्हा हा सिनेमा आपण सतरंजीवर बसून पाहिला. पुढच्या रांगेत गावातली म्हातारी मंडळी होती. त्यातल्या काहींनी बाबांचे कीर्तन प्रत्यक्ष ऐकलेले. पडद्यावरचे बाबा प्रश्न विचारत आणि ही म्हातारी मंडळी सतरंजीवरून मोठ्याने उत्तर देत! आपण पोट्टे हसत होतो. आज वाटते, त्या रात्री सिनेमा खऱ्या अर्थाने तेच पाहत होते.

तिसरी आवृत्ती आपली. आपल्या शाळेची. तिची नोंद कुठल्याही पुस्तकात नाही, म्हणून इथे करून ठेवतो.

आपण नववीत होतो. २३ फेब्रुवारीची बाबांची जयंती. एरवी आपल्याकडे ग्रामसफाई, एक भाषण आणि शेवटी गजर, असा बेत असायचा. त्या वर्षी मराठीच्या सरांनी ठरवले की कीर्तन करायचे. आवाज मोठा म्हणून बाबा मला केले. आजीच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या, घरातले फुटके मडके, झाडू शाळेचा. सरांनी वहीच्या पानावर प्रश्न लिहून दिले होते. आणि एक नियम घालून दिला होता. सगळ्यांचे उत्तर आल्याशिवाय गजर घ्यायचा नाही. कोणी गप्प दिसला तर त्याला पुन्हा विचारायचे.

सुरुवात छान झाली. पोरगं शाळा सोडून ढोरं राखते, हे बरं हाये काय? नाही! गजर. देवापुढे कोंबडं कापून देव खूश होते काय? नाही! गजर. मास्तर लोकही हसत होते. मग मी विचारले, कर्ज काढून लग्न करावं काय? सगळे पटांगण ओरडले, नाही! तिसऱ्या रांगेतला आपला एक मित्र मात्र गप्प बसला होता. नियम आठवला. मी झाडू त्याच्याकडे रोखून मोठ्या ऐटीत विचारले, "तू काऊन बोलत नाही बे?"

तो उभा राहिला. म्हणाला, "माह्या बाबानं काढलं. बहिनीच्या लग्नासाठी. मी नाही कसा म्हनू?"

पटांगणात एकदम शांतता पसरली. माझ्या पानावर याच्या पुढे काही लिहिलेले नव्हते. मला काही सुचेना. मी घाबरून जोरात 'गोपाला गोपाला' सुरू केले. पेटी वाजली, तबला वाजला, चारशे पोरांचा आवाज चढला आणि तो खाली बसला. कार्यक्रम फार छान झाला, असे सगळे म्हणाले. दुसऱ्या दिवशी सरांनी मला व्हरांड्यात गाठले. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गजर लवकर घेतलास तू."

मला त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. तो मित्र दहावीच्या परीक्षेला बसला नाही. त्या वर्षी खारपाणपट्ट्यात पाऊस दगा देऊन गेला होता, विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर काही पिकत नव्हते, आणि घरचे वावर गेले. तो जिनिंगमध्ये कामाला लागला. आपण सगळे पुढच्या वर्गात, कॉलेजात, नोकऱ्यांत गेलो. त्याच्या बाकावर दुसरा कोणी बसू लागला.

नंतरच्या आवृत्त्या तुम्हाला माहीत आहेत. कॅसेटचा जमाना आला, यात्रेतल्या दुकानात बाबांच्या भजनांच्या कॅसेट मिळू लागल्या. २०००-०१ मध्ये राज्य सरकारने संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावे खरोखरच झाडली गेली, गोदऱ्या कमी झाल्या, बक्षिसासाठी गावे चढाओढीने उभी राहिली. जीपवरच्या भोंग्यातून हाच गजर वाजत असे. बाबांच्या झाडूला इतका मान आधी मिळाला नव्हता. पण झाडू हा बाबांच्या कामाचा सकाळचा भाग होता. रात्रीचा भाग, तो प्रश्नांचा, भोंग्यावरून होण्यासारखा नव्हता. १९८३ साली स्थापन झालेल्या आपल्या अमरावती विद्यापीठाला २००५ मध्ये बाबांचे नाव मिळाले. ज्याने शाळा पाहिली नाही त्याच्या नावाची पदवी आपल्या मुलांच्या भिंतीवर लागली, याचा अभिमान आहेच. आणि आता मोबाईल. ढोलाच्या ठेक्यावर, डीजेवर, लग्नाच्या वरातीतसुद्धा हा गजर ऐकला. कर्ज काढून केलेल्या लग्नाच्या वरातीत! बाबा असते तर त्यांना पुढच्या कीर्तनाला याहून चांगला विषय मिळाला नसता.

गजर जगला आणि प्रश्न गळाले, असे का होते? मला वाटते, सगळ्याच गाण्यांच्या वाट्याला हे येते. आपण शाळेत 'हम होंगे कामयाब' म्हणायचो. ते ज्यावरून आले ते 'वी शॅल ओव्हरकम' अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधल्या गाण्यांतून निघाले. १९४५ साली चार्ल्सटन इथल्या तंबाखू कारखान्यातल्या बायांनी संपात ते म्हटले, मग नागरी हक्कांच्या मोर्चांत ते गेले. तिथे ते म्हणणाऱ्यावर लाठी पडत होती. आपण ते प्रजासत्ताक दिनाला गणवेशात, लाडू मिळायच्या आधी म्हटले. गाणे सोपे असते म्हणून लांब जाते, आणि लांब जाताना जड सामान वाटेत ठेवून जाते. गाण्याचा यात दोष नाही. सामान उचलायचे की नाही, हे म्हणणाऱ्याने ठरवायचे असते.

ते उचलणारे अजून आहेत. अकोटचे सत्यपाल महाराज एकटे सात खंजेऱ्या वाजवतात आणि वऱ्हाडीत लोकांना हसवता हसवता असे काही विचारतात की मांडवातला माणूस मान खाली घालतो. त्यांची चाल वेगळी, वाद्य राष्ट्रसंतांच्या परंपरेतले, शब्द वेगळे. बाबांच्या गजराची नक्कल त्यांनी केलेली नाही. पण माझ्या मते बाबांच्या कीर्तनाची सगळ्यात खरी आवृत्ती हीच, कारण तिच्यात उत्तर देण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर आहे.

हा लेख लिहायच्या आधी मी आपल्या त्या मित्राला फोन केला. चाळीसेक वर्षांत आम्ही त्या दिवसाबद्दल एकदाही बोललो नव्हतो. लिहू का, असे विचारले. तो म्हणाला, "लिही. नाव नको टाकू." मग मी सरांचे वाक्य त्याला सांगितले, की गजर लवकर घेतला. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरोबर म्हनत होते सर. तू मले पुढचं विचाराले पायजे होतं. किती काढलं, कोनाकडून काढलं, कसं फेडनार. तू विचारलं असतं तं मी सांगतलं असतं. तवा मले कोनी विचारलंच नाही."

मित्रहो, मी बाबांच्या वेषात उभा होतो आणि बाबांनी जे कधी केले नसते ते केले. समोरचा माणूस खरे बोलायला उभा राहिला, आणि त्याच्यावर मी गजराचा पडदा टाकला. बाबांच्या कीर्तनात गजर यायचा तो बोलणे संपल्यावर. माझा आला तो बोलणे सुरू होऊ नये म्हणून. शब्द तेच, चाल तीच.

तेव्हा आम्ही चारशेजण होतो, गुरुजन होते, गावातली प्रतिष्ठित मंडळी होती. एका मुलाची फी, एका परीक्षेचे पैसे, सावकाराशी एक बोलणे, एवढे काही कोणाला अशक्य नव्हते. कोणी वाईट होते म्हणून झाले नाही असे नाही. गाणे इतके छान रंगले, की विचारायचे राहून गेले.

माझ्या मित्राने आपल्या मुलीला शिकवले. तिचे लग्न त्याने नोंदणी पद्धतीने केले, वरात नाही, मांडव नाही. भावकीने नावे ठेवली. मी विचारले, बाबांचे ऐकून केले का? तो म्हणाला, "बाबाचं नाही, माह्या बाबाचं पाहून केलं." हा शब्द त्याने दोनदा वापरला, दोन्ही वेळा वेगळ्या माणसासाठी, आणि आम्ही दोघेही हसलो.

म्हणून संयोजन समितीला मी एक विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. शेवटी गजर होईल, तो 'गोपाला गोपाला'चाच होईल, पण क्लिप लागणार नाही. पेटी नाही, ढोल नाही. आपला तो मित्र समोर उभा राहील आणि प्रश्न विचारेल. यादी त्याने केली आहे. काही प्रश्न सोपे आहेत, पाचशे फुटांच्या हॉलला किती पैसे दिले आणि शाळेच्या नळाला पाणी का नाही, असल्या धाटणीचे. काही अवघड आहेत. आपल्यातल्या कोणाकोणाच्या घरी काय चालले आहे, हे आपल्या ग्रुपवरच्या सकाळच्या फुलांच्या फोटोंतून कळत नाही. मराठीचे सर येणार आहेत, ते पहिल्या रांगेत बसतील.

सगळ्यांना एवढेच सांगणे, की उत्तर यायला वेळ लागला, कोणी उभा राहून भलतेच काही बोलू लागला, तर घाई करू नका. या वेळी गजर थांबेल.